चुकीच्या लिंकनची पाठ

१२ फेब्रुवारी

लिंकनचा वाढदिवस. स्प्रिंगफील्डात शाळा बंद, रस्त्यात उंच टोप्याच टोप्या. आणि मी घरी, मेरीबाईंच्या घेरदार झग्याला इस्त्री करत बसलेय. घालायचा कुठे, ते माहीत नाही.

दरवर्षी या दिवशी आम्हाला श्वास घ्यायला सवड नसायची. माझा नवरा वेंडेल लिंकनचं सोंग घ्यायचा, मी लिंकनच्या बायकोचं, मेरीचं. शाळा, वाचनालयं, वृद्धाश्रम. संवाद मी लिहायचे, तो बोलायचा. लोक रडायचे. मीही पडद्याआडून स्वतःच्याच वाक्यांना रडायचे, इतकी माझी अभिरुची उच्च.

यंदा वेंडेल टीव्हीवर आहे. गाद्यांच्या जाहिरातीत. काळा कोट, टोपी, आणि गादीवर गुडघे पोटाशी घेऊन उडी! 'सगळी माणसं समान, सगळ्या गाद्यांवर सवलत समान.' नाताळानंतर त्याने हे काम घेतलं तेव्हा मी म्हटलं, गुलामी मोडणाऱ्या माणसाला तू गादीवर नाचवलंस. झगा अंगात होता, त्यामुळे आवाज जरा जास्तच ऐतिहासिक लागला.

वेंडेल शांतपणे म्हणाला, "लिंकन मेलाय, कोरीन. मी जिवंत आहे. आणि आम्हा दोघांत तुझा नवरा तो आहे."

दुसऱ्या दिवशी तो भावाकडे डेकेटरला राहायला गेला. दाढी घेऊन गेला, हे काय सांगायला हवं?

१९ फेब्रुवारी

जाहिरात पुन्हा लागली. उडी छान मारतो. हे मी कुणाला सांगणार नाही.

३ मार्च

बेवचा फोन. धाकटी बहीण असून मला नेहमी मोठेपणाने झापते. म्हणाली, बिचाऱ्या वेंडेलला सवत आली, तीही दाढीवाली आणि दीडशे वर्षांपूर्वी वारलेली. तिच्याशी तो कसा झगडणार?

मी तिला लिंकनची सध्याची अवस्था ऐकवली. मोटारी विकतो, विमा विकतो, कार्टूनमध्ये नाचतो, व्हिडिओ गेममध्ये कुऱ्हाड घेऊन धावतो. पोरांना विचार तो कोण, तर सांगतील 'टोपीवाला'. कुणीतरी त्याची लाज राखायला नको का?

"राख की," बेव म्हणाली. "आणि जेवायला कुणाला वाढतेस सध्या?"

फोन ठेवला. कालचाच ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल होता. दोघांचा करायची सवय, खाणारी एक. परवापर्यंत पुरेल.

२२ मार्च

दुकानात एक चिमुरडी आईचा हात सोडून माझ्याकडे आली. ओळखलं तिने, साध्या कपड्यांत! म्हणाली, "लिंकनबाई, तुमचे मिस्टर गादीवर उडी मारतात ना?"

गुलाममुक्तीचा जाहीरनामा नाही, गेटिसबर्गचं भाषण नाही. उडी.

मी हो म्हटलं. घरी येताना लक्षात आलं, मी ते जरा ऐटीत म्हटलं होतं.

५ एप्रिल

ठरवलं. पुढच्या आठवड्यात संमेलन आहे, सगळ्या लिंकनांचं. वेंडेल येणारच, एकही वर्ष चुकवलेलं नाही. त्याला तिथे गाठायचं आणि घरी चल म्हणायचं.

काय बोलायचं ते लिहायला बसले. तीन पानं झाली. वाचून पाहिली तर अगदी प्रयोगाची संहिता, टाळ्यांच्या जागांसकट. फाडून टाकली.

१२ एप्रिल, व्हँडेलिया

कुठून लिहू! आधी हे, की मला मरायचं आहे. पण मेरीबाईंच्या झग्यात नको, त्यात मी जाड दिसते.

सकाळी हॉटेलच्या न्याहारीला नेहमीचंच दृश्य. वॉफलच्या यंत्रापुढे लिंकनांची रांग, दाढ्यांना पाक लागलेला, एक लिंकन दुसऱ्याला साखर चालत नाही म्हणून दटावतोय. एका विनोदी कार्यक्रमाची टीव्हीवाली मंडळीही आली होती, आमची गंमत टिपायला. मी नाक मुरडून त्यांना टाळलं.

मग समूहफोटो. आमची रीत ठरलेली : लिंकन जिन्यापुढे उंचीप्रमाणे उभे राहतात, फोटोत बुटके डावीकडे, उंच उजवीकडे. वेंडेल कायम उजवीकडून दुसरा. वर्षानुवर्षं त्या जागी तीच पाठ. मेरी मंडळी मागे, आपली पाळी येईपर्यंत. म्हटलं, हीच वेळ. समोर पाहून बोलायचं धैर्य नव्हतं, पाठीशी बोलता येईल.

गेले, कोटाची बाही धरली आणि सुटले. म्हटलं, वळू नकोस, नुसतं ऐक. घर खायला उठतं. तुझे बूट दारात अजून तसेच आहेत, मी रोज त्यांना अडखळते आणि उचलत नाही. मला लिंकनबिंकन काही नको. गादीवर हव्या तितक्या उड्या मार, पण आपल्या घरच्या गादीवर मार!

लिंकन वळला. ऑटो हॅस्केल! इंडियानाचा, सत्तरी उलटलेला, विधुर. टेनेसीहून यंदा एक नवा ताडमाड लिंकन आलाय, त्याने सगळ्यांना एकेक जागा डावीकडे ढकललं होतं. हे मला कोण सांगणार?

ऑटोने टोपी काढली. "बाई, मी तुमचा नव्हे. पण आमची ही गेल्यापासून कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. म्हणून थांबवलं नाही."

मी झगा गोळा करून पळाले. कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. वेंडेलला न भेटताच घरी जाणार आहे.

१८ एप्रिल

मरण पुरे नव्हतं. ऑटोच्या कोटाला टीव्हीवाल्यांचा माइक लावलेला होता.

काल दाखवलं. आज सगळीकडे तेच. 'आपल्या घरच्या गादीवर' असं लिहिलेले कपसुद्धा कुणीतरी विकायला काढलेत. पोस्टमनने पाकीट देताना खाली मान घालून हसू दाबलं. लिंकनची लाज राखायला निघाले होते! त्याची उरलीसुरली मी घालवली.

वेंडेलने पाहिलं असणार. फोन नाही. म्हणजे उत्तर मिळालं.

मी ते पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.

१९ एप्रिल

पाहिलं. बेवने ऐकलं नाही. स्वतः येऊन सोफ्यावर शेजारी बसली आणि म्हणाली, स्वतःकडे नको बघूस, ऑटोच्या डावीकडे बघ.

कॅमेरा समोरून होता. मला दिसल्या पाठी, त्याला दिसले चेहरे. चौकटीत मधोमध ऑटो, कानकोंडा झालेला. त्याच्या टोपीमागून माझी झालरीची बोनेट टोपी हलतेय, आवाज चिरकतोय. आणि ऑटोला लागून उभा आहे वेंडेल. हातभर अंतरावर!

तो हसत नाहीये. फोटोला उभं राहतात तसा ताठ. गालावरचा लिंकनचा तीळ तो पेन्सिलीने काढतो. तो तीळ ओघळून दाढीत चाललाय, काळी रेघ ओढत. पुसायलाही हात उचलत नाही.

देश हसला. त्या रेघेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

बेवने माझा हात धरला.

२० एप्रिल

मीच फोन केला. सगळं ऐकलंस आणि वळला नाहीस?

"तुला माझी पाठ ओळखता आली नाही, कोरीन." मग म्हणाला, "टोपी-कोट न घालता आलो तर ओळखशील?"

काहीतरी सुरेख बोलायला हवं होतं. नुसतं ये म्हटलं.

निघालाय. मी पायरीवर बसून हे लिहितेय, आणि मघापासून आठवायचा प्रयत्न करतेय — साध्या शर्टात तो कसा दिसतो, ते मला आठवत नाही.