जॅकवरचं माप

प्रिय रविराज,

फोन तू उचलत न्हाईस, म्हणून वहीचं पान फाडून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नकोस. सांगलीला विश्रामबागेच्या हापिसात पंख्याखाली बसून तुला दोन वर्षं झाली, हाताला ग्रीस लागू दिलं नसशील. इकडं म्हसवडात गॅरेजला कुलूपच हाय. शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एक बी न्हाई. शेजारच्या तात्याबाचे गुडघे गेले, तरी रोज येऊन कुलपाकडं तोंड करून बसतो.

काल आपली जीप पत्र्याचं काम होऊन आली. गिअरपासनं मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट तेवढा राहिलाय. नवा मेस्त्री आला, गाडी जॅकवर चढवली आणि टेप लावायला लागला. हाकलूनच दिला त्याला. गाडी टांगली की चाकं खाली लोंबतात, माप लांब येतं, एवढं मला बी कळतंय. तुझे आण्णा शाफ्टचा पाइप कापायच्या आधी गाडी चाकांवर उभी करायचे आणि माल भरल्यागत दबावी म्हणून मागं आपल्याला बसवायचे. तू, मी, तात्याबा, वर कांद्याची पोती. म्हणायचे, मंगलचं वजन पक्कं हाय, काट्यावर न्यायला नको. मी चिडायची, तू खिदळायचास. मग खाली झोपून माप घ्यायचे, आणि शाफ्टला आत-बाहेर सरकायला बोटभर जागा सोडायचे.

त्या दिवशी आण्णा सिद्धनाथाला गेले होते. माप तू घेतलंस, शाफ्ट तू बसवलास. आण्णांनी आल्यावर बघितलं बी न्हाई, एवढा तुझ्यावर भरवसा. दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरून निघाले. खड्ड्यात जीप दबली, लांब शाफ्टला आत सरायला जागा न्हाई. जॉइंट तुटला, शाफ्ट रस्त्यात रुतला आणि जीप उलटली. दहाव्याला तुझा चुलता नानासो सगळ्यांदेखत बोलला, पोराच्या मापानं बाप गेला. तू मान खाली घालून उभा. मी बी तिथंच होते.

रविराज, तू मला तीनदा हाक मारली होतीस. आई, जरा येऊन मागं बस. माझी भाकरी तव्यावर होती. मी म्हणाले, मी काय पोतं हाय का? टांगलेलीच मोज आणि उरक. हे तू कुणापुढं काढलं न्हाईस. मी बी काढलं न्हाई.

आज सकाळी नानासोच्या दारात जाऊन, त्याच्या सुना-लेकरांदेखत सगळं सांगून आले. त्यानं पाणी बी विचारलं न्हाई. बरोबर हाय त्याचं. तुला माफ कर म्हणायचं मला जमत न्हाई, तोंडानं बी न्हाई आणि कागदावर बी न्हाई. जीप दारात चाकांवर उभी हाय. माप तूच घ्यायचंस. हाक मारू नकोस, मी आधीच मागं जाऊन बसलेली असंन.

तुझीच,
आई