सिफिस आजोबांच्या दोन ओळी

प्रिय रोदान्थी,

फोन असताना बाबा पत्र का लिहीत बसले, असं तुला वाटेल. फोनवर लिहिलं की तू ते वाचलंस हे मला लगेच कळतं, आणि मला कळलं हे तुलाही कळतं. मग तू घाईघाईने "ठीक आहे" लिहून मोकळी होतेस. कागदाचं तसं नाही. हे पत्र श्टुटगार्टला पोचल्यावर तू आठवडाभर टेबलावर तसंच पडू दिलंस, तरी इथे कुणाला कळायचं नाही. सावकाश वाच.

घरचं बरं आहे. आई द्राक्षाची कोवळी पानं मिठात घालून ठेवते आहे आणि यंदा ती जाड आहेत म्हणून माझ्यावर चिडते आहे, जणू वेल मीच असा वाढवला. शेळ्यांचं दूध चांगलं आहे. खालच्या ओढ्याकाठी कण्हेर फुलली आहे. रविवारी देवळात स्तोत्रं म्हणायला मी एकटाच असतो. माझ्या जोडीचा गायक मुलाकडे अथेन्सला गेला तो तिकडेच रमला.

आज मात्र आजोबांविषयी लिहायचं आहे. तुझे आजोबा म्हणजे काय चीज होती, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. लिरेच्या तारांवर गज फिरू लागला की सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघायचं. ते दोन ओळींची मांतिनादा टाकायचे, आणि ज्याला टाकली त्याने सूर पुन्हा फिरून येण्याआधी दोन ओळींनीच उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही आणि टाकणाऱ्यानेही पुढची टाकायची नाही. मला ते कधीच जमलं नाही. सिफिसच्या पोटी मुका दगड जन्मला, असं कॉफीच्या दुकानातला स्त्रातिस अजूनही म्हणतो. मी दुसऱ्यांचे शब्द गातो. दावीद राजाचे गातो, संतांचे गातो. स्वतःचे मला सुचत नाहीत.

मग घशाचा तो आजार आला आणि हेराक्लिओच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला लावून बोलायचं यंत्र दिलं होतं. आजोबांनी ते एकदाच लावलं, खर्रर आवाज ऐकला आणि कपाटात टाकून दिलं. पाटीवर लिहून दाखवलं, "शेळ्या कातरायचं यंत्र बोलल्यासारखं वाटतं." त्यानंतर ते दुकानात जाईनात. लोकही बोलवेनात, कारण सिफिसला गप्प बसलेलं बघणं कुणाला सोसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तू आलीस आणि मांडवाखाली बसून त्यांना फोन शिकवलास. मला वाटलं होतं, म्हातारा तोही कपाटात टाकणार. दुसऱ्याच दिवशी मी चीजसाठी दूध ढवळत होतो आणि खिशात फोन थरथरला. आजोबांची मांतिनादा. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. त्यांना लिहायची रीत माहीत नव्हती, म्हणून ते जसे बोलतात तसंच त्यांनी लिहिलं होतं, आपल्या डोंगराच्या बोलीत. रोदान्थी, आमच्या शाळेत या बोलीतला एक शब्द वहीत आला तरी मास्तर लाल रेघ ओढायचे. बोली जिभेवर ठेवायची, कागदावर आणायची नाही, हेच आम्ही शिकलो. आणि इथे माझ्या तळहातावर माझ्या वडिलांचं बोलणं लिहिलेलं होतं, त्यांच्या हेलासकट. दूध करपलं. तुझी आई काय म्हणाली ते लिहीत नाही.

त्या वर्षी प्रेषित इलियासच्या सणाला आम्ही सगळे टेकडीवरच्या छोट्या देवळापाशी जमलो, तेव्हा आजोबा शेवटच्या बाकावर फोन घेऊन बसले होते. लिरा सुरू झाली. माझा फोन वाजला. त्यांनी हातानेच खूण केली, वाच. मी उभा राहिलो. त्या ओळींत विरामाचं एकही चिन्ह नव्हतं. पण कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, हे माझ्या छातीला आधीच माहीत होतं. मी म्हटलं, आणि माझ्या गळ्यातून त्यांचा आवाज आला. मी वाढवून सांगत नाही. तुझ्या आईने हातातली परात खाली ठेवली. स्त्रातिसने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग पुटपुटला, "दगड बोलला रे." मी तीस वर्षं देवळात गातो आहे, पण शब्द म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. राजाच्या गळ्यातून निघालेलं स्तोत्र कुणी चामड्यावर उतरवून ठेवलं, आणि ते माझ्या गळ्यात पुन्हा जिवंत होतं. हे मी रोज करत होतो, पण त्याकडे कधी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून गाव बदललं. म्हातारे एकमेकांना फोनवर मांतिनादा पाठवू लागले. तिथे सूर नाही, म्हणून त्यांनी नियम केला की कॉफी निवायच्या आत उत्तर आलं पाहिजे. आता समोरासमोर बसले तरी बोलण्याआधी ते क्षणभर तळहाताकडे बघतात. कुणी ऐकूनही गप्प राहिला की म्हणतात, "याला निळ्या टिक्स लागल्या," म्हणजे वाचलं, पण उत्तर नाही. आपले धर्मगुरू पापा निकिफोरोस तर प्रवचनात म्हणाले, "प्रार्थना पोचली का म्हणून विचारता? पोचली, वाचलीही. तो लिहितो आहे, धीर धरा." सगळं देऊळ हसलं. मी हसलो नाही. मला ते खरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

हे असंच चाललं होतं. मोठ्या उपवासाच्या दिवसांत तुझ्याकडून ती बातमी आली, आणि आजोबांनी तुला एक मांतिनादा पाठवली. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही पाठवलेलं नाही. लोकांनी पाठवलेल्या त्यांनी वाचल्या आणि ठेवून दिल्या. मी विचारलं, तेव्हा त्यांनी फोनवर लिहून दाखवलं, "डाव रोदान्थीकडे आहे." तुझ्यावर ते रागावलेले नाहीत, हे नीट समजून घे. नियम मोडून तुझ्यापुढे जायचं नाही, एवढंच.

दुकानातल्या लोकांना हे सोसेना. स्त्रातिसने नवीन नंबर घेतला, चार डोकी एकत्र बसली आणि त्यांनी दोन ओळी बनवून आजोबांना पाठवल्या, वर लिहिलं: मी रोदान्थी, हा माझा नवा नंबर. ओळी वाईट नव्हत्या. आजोबा तेव्हा पलीकडच्याच टेबलावर होते. त्यांनी वाचलं, उठून आले आणि स्त्रातिससमोर फोन धरला. उत्तर लिहिलं होतं, "साखर जास्त झाली, स्त्रातिस. माझी नात अशी श्वास घेत नाही." अक्षरांतून त्यांनी श्वास ओळखला. स्त्रातिस दिवसभर कुणाशी बोलला नाही, आणि तुला माहीत आहे, त्याला हे किती जड जातं.

मग गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर दुकानातच पंचायत बसली. पापा निकिफोरोसही होते. इलियासचा सण जवळ आला आहे आणि सिफिस गप्प आहे, तर काय करायचं? एक जण म्हणाला, पोरीला फोन करा, दोन ओळींचा तर प्रश्न आहे. तुझी आई कधी दुकानात पाऊल टाकत नाही, ती दारातून आत आली आणि म्हणाली, "जिचं सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं तिला तुम्ही यमक जुळवायला सांगणार?" शेवटी सगळ्यांत म्हातारा खारीदिमोस म्हणाला, "दुखवट्यातलं माणूस गात नाही, हे आपल्या बापजाद्यांपासूनचं आहे. मग तिचा डाव तिच्या बापाने खेळावा. पण चोरून नाही. तिने हो म्हटलं तरच, आणि बापाने स्वतःच्या नावावर." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आजोबांनीही बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

म्हणून हे पत्र. आजोबांनी तुला पाठवलेली मांतिनादा मला त्यांनी परवा वाचायला दिली:

गळा गेला तरी पोरी, बोटांवाटे बोलतो मी;
तुझ्या मुक्या दारापाशी काठी टेकून थांबतो मी.

तू काय भोगते आहेस हे मला कळतं असं मी म्हणणार नाही. आम्ही तुझ्या बाळासाठी देवळात दिवा लावतो, नाव नसल्यामुळे "रोदान्थीचं" एवढंच म्हणतो, आणि देवाला तेवढं पुरत असेल. मी आठवडाभर शेळ्यांमागे फिरताना तुझ्या जागी उभं राहून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन ओळी सुचल्या. वाचून बघ. यातलं काही खोटं वाटलं, तर मला कळव, मी त्या कुणाला दाखवणार नाही. खऱ्या वाटल्या तर हो एवढंच कळव, आणि तेही जमेल तेव्हा, सण होऊन गेला तरी चालेल. मग मी आजोबांसमोर बसेन, आणि फोनवर न पाठवता माझ्या गळ्याने म्हणेन:

कडी निघत नाही, आजोबा, जोर नाही हातात;
तुमची काठी टेकली तिथंच मीही उभी आहे आत.

तुझाच,
बाबा