दुसऱ्या आरशाची जागा

डोंबिवली (पूर्व),
१७ मार्च

प्रिय शिवानी,

कालपासून तुझे दोन फोन मी घेतले नाहीत. लिहिलेले शब्द पाठवण्याआधी पुन्हा वाचता येतात, म्हणून हे पत्र.

याडीची, तुझ्या आजीची, कांचळी मी तुला फक्त फोटोंसाठी दिली होती. देताना त्या चोळीच्या डाव्या खांद्यावरचा भाग बोट ठेवून दाखवला होता. आपल्या घरातल्या बायका प्रत्येक बाळंतपणानंतर तिथे एक आरसा शिवत. पहिला माझा, तिसरा परशुरामकाकाचा, मधला आमच्या सगुणाचा. बाळकुमच्या बांधकामावर याडी घमेली वाहत असताना ती चार वर्षांची पोर तापाने गेली. त्याच संध्याकाळी याडीने आरसा काढला आणि भोवतीचे लाल टाके तसेच ठेवले. तू हे सारे वहीत उतरवून घेतलेस, डोळेही पुसलेस. माझ्या पदवीदानाला ही कांचळी घालून येऊ नकोस, असे याडीला बजावणारा मुलगा मीच. तुझ्या हातून त्याची थोडी भरपाई होईल, असे मला वाटले होते.

शनिवारी घोडबंदर रोडवरच्या तुमच्या प्रदर्शनात मी न कळवता आलो. काचेच्या पेटीत कांचळी होती आणि सगुणाच्या जागी नवा कोरा आरसा चमकत होता. खाली पाटी: 'बंजारा कांचळी. मूळ नक्षी पूर्ववत केली आहे.' तुझी मैत्रीण करिश्मा कौतुकाने सांगत होती, "अंकल, शिवानीने स्वतः बसवलाय. ती रिकामी जागा फोटोत फार खटकत होती ना!" परक्या माणसाने हे केले असते तर मी त्याला अजाण म्हटले असते. तुला ते म्हणण्याची सोय तू ठेवली नाहीस.

पेटी उघडायला लावून मी कांचळी घरी आणली. तो आरसा काढायचे धैर्य मला झाले नाही. जुना टाका तुटला असता. काल याडी कल्याणहून, परशुरामकाकाकडून आली. दिसत नसले तरी आली की ती कांचळी मागते, हे तुला ठाऊक आहे. तिची बोटे पहिल्या आरशावरून दुसऱ्यावर गेली आणि थांबली. कोणी केले, असे तिने विचारले. मी केले, असे मी सांगितले. तुझे नाव तोंडातून निघेना. ती एवढेच म्हणाली, "तेव्हा माझी लाज वाटली. आता तिचीही वाटली का रे?" आणि न जेवता, कांचळी छातीशी धरून परत गेली.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. रविवारी सकाळी दहा वाजता परशुरामकाकाकडे जा. एकटी. काय केलेस ते याडीला स्वतःच्या तोंडाने सांग. मग तिच्यासमोर बसून तो आरसा उसव. तिची बोटे जवळच असू देत. जुना एकही लाल टाका तुटता कामा नये. मी खाली रस्त्यावर उभा असेन. तिने हाक मारली, तरच वर येईन.

तुझाच,
बाबा