साहेब पुन्हा येऊन गेले

प्रिय बयो,

मी सांगतेय आणि शेजारची मास्तरीण लिहितेय. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा. मधूनच ती माझं बोलणं नीटनेटकं करायला बघते, मग मी दटावते, की बाई, वह्या शाळेत तपासायच्या. पोरीचा ताप उतरला का? जावईबापू स्वयंपाकाला लागलेत म्हणे. त्यांच्या हातचं खाऊनच ती आजारी पडली असेल. त्यांना सांगू नकोस, नाहीतर सांग.

मागच्या वेळी माजी सैनिकांच्या कचेरीतले साहेब आले, तेव्हाचा माझा तमाशा तू विसरली नसशील. सैनिकाच्या विधवेला म्हातारपणी स्वतःचं स्वतः करता येईनासं झालं, तर तिला सांभाळायची सोय सरकार करतं. तेवढंच बघायला ते आले होते. आणि मी काय करावं? तुझ्याकडून इस्त्रीची साडी नेसून घेतली, तोंडाला पावडर फासली आणि ते दारात दिसताच भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिले. तुझ्या बाबांनी जन्मभर हेच शिकवलं ना, अधिकाऱ्यासमोर पडेल चेहऱ्याने जायचं नाही. त्यांनी विचारलं, आंघोळ कोण घालतं? म्हटलं, इश्श, मला काय धाड भरलीय? साहेब खूश. मदतीची गरज नाही, असं लिहून गेले आणि अर्ज फेटाळला गेला.  तू मोरीत जाऊन नळ सोडून बसलीस. भांडी तर केव्हाच घासून झाली होती, एवढं मला कळतं गं.

तुझी दवाखान्यातली नोकरी बिनपगारी रजेवर लटकलीय, संसार अर्धा इथे, अर्धा तिकडे. मला उचलताना तुझी कंबर कटकन वाजते आणि तू म्हणतेस, खाट वाजली. अगं, खाटेवर मीच पडलेली असते, ती वाजली तर आधी मला कळेल.

म्हणून तू पोरीसाठी गेलीस त्याच दिवशी मास्तरणीकडून कचेरीत फोन करवला, की म्हातारीला पुन्हा एकदा बघून जा. परवा तेच साहेब आले. सकाळपासून मी मास्तरणीला अंगाला हात लावू दिला नव्हता. केस पिंजारलेले, साडी ओली, तशीच पडून राहिले. त्यांनी फणी हातात दिली, हात खांद्यापाशीच अडकला. चमचाभर पाणी तोंडापर्यंत जाईतो उशीवर सांडलं. नाटक नव्हतं गं ते. नाटक मागच्या वेळी केलं होतं. चादरीकडे लक्ष गेलं तसं त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. वय लहान आहे बिचाऱ्याचं. शेवटी मीच म्हटलं, लिहा साहेब, माझं लाजून झालंय. तू घरात असतीस तर हे मला जमलं नसतं. तू धावत येऊन चादर बदलली असतीस, आणि मीही बरी आहे म्हणून मोकळी झाले असते.

काल निरोप आला, मंजूर झालं. माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमात मला खाट मिळालीय, उठवायला-बसवायला बायका आहेत. न्यायला गाडी गुरुवारी येतेय. तू शनिवारी इकडे यायला निघणार हे ठाऊक होतं, म्हणूनच गुरुवार मागून घेतला. फोनवर सांगितलं असतं, तर हातातलं टाकून मिळेल त्या गाडीने आली असतीस, आणि तुझा चेहरा बघून माझा पाय निघाला नसता. हे पत्र पोचेल तेव्हा घराला कुलूप असेल, किल्ली मास्तरणीकडे. तू कामावर हजर हो. मला भेटायला सवडीने ये, पोरीला घेऊन, पाहुणीसारखी हात हलवत ये. मास्तरीण लिहिताना नाक ओढतेय, सर्दी झालीय म्हणे. रागव माझ्यावर, पोटभर रागव, पण तिकडेच राहून रागव.

तुझीच, तुला न विचारता निघालेली,
आई