डावीकडची कोरी जागा

४ जानेवारी

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. "मी बरा आहे, तू बरी असशील" एवढ्यासाठी पाकीट, तिकीट आणि पेटीपर्यंतची चाल, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुझी लेक मला वेगळं लिहिते. ती लिहिते, बाबा कामावरून येतात, भिंतीकडे बघत बसतात आणि तसेच झोपतात. तुझी बायको जाऊन वर्ष झालं रे. तिच्यामागे तूही गप्प झालास तर त्या पोरीनं कोणाशी बोलायचं?

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा माझ्याकडे औषध एकच. रोज एक चित्र काढायचं. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, समोर दिसेल त्या वस्तूचं, आणि खाली त्या दिवसाच्या दोन ओळी. खोडरबर वापरायचा नाही. वाईट आलं तरी ठेवायचं. महिन्याचा गठ्ठा मला पाठवायचा. थेंबे थेंबे तळे साचे हे तुला मी लहानपणी घोकवून घेतलं होतं, आता करून दाखव.

नाही म्हणालास तर मी तिकडे येऊन राहीन, ही धमकी समज. आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

धमकी पोचली, म्हणून गठ्ठा पाठवत आहे. हसायचं नाही. ती बदकासारखी दिसते ती किटली आहे. ज्याला तू मेलेला उंदीर म्हणशील तो माझा बूट आहे.

कागदाची ददात नाही. आमच्या छापखान्यात कागद कापायचं मशीन माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच. डाव्या हातानं रीम सरळ धरायची, उजव्यानं दांडा ओढायचा की पातं खाली येतं. त्यातून निघालेल्या कात्रणांवर माझी ही थोर कला चालते. दुपारच्या सुट्टीत बाकीचे पत्ते खेळतात आणि मी बूट काढतो. मुकादम परवा म्हणाला की म्हातारपणी चळ लागला. मी त्याचंच नाक काढून दाखवलं, तेव्हापासून गप्प आहे.

खरं सांगू? पहिले दिवस वैतागात गेले. पण आता सकाळी उठल्यावर आज काय काढायचं हे मनात येतं. वर्षभर सकाळी मनात काहीच येत नव्हतं.

लोभ करतेस, तसंच कान धरायचंही सोडू नकोस.

तुझा टिल्लू

२० एप्रिल

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

तिन्ही महिन्यांचे गठ्ठे शेजारी मांडून बघितले. किटलीचं बदक आता किटली झालंय! रेघ थरथरत नाही, सावली कुठून पडते ते तुला कळायला लागलंय. खालच्या दोन ओळींच्या चार झाल्यात, आणि लेकीचा उल्लेख रोज आहे. माझ्या वर्गातली मुलं एवढ्या वेळात एवढी शिकली नव्हती.

एकच दोष. तू कागद कडेपर्यंत कोंबतोस, जणू रिकामी जागा ठेवली तर पगार कापतील. जागा सोडायला शीक. जे काढत नाही तेही बोलतं. हे साधलं की तू खरा चित्रकार.

शाबासकीनं डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

तुझी ताई

२६ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तू म्हणालीस तसं जागा सोडतो आहे. सोबतच्या चित्रांत तुला दिसेल. गंमत म्हणजे मुद्दाम सोडावी लागत नाही, हात आपोआप थांबतो. रोजच्या सवयीनं हात शहाणा झाला असणार.

बायकोच्या खुर्चीचं चित्र अखेर काढलं. वर्षभर तिच्याकडे बघवत नव्हतं. काढताना रडलो आणि नंतर बरं वाटलं, हे फक्त तुला सांगतो.

बाकी क्षेम. डोकं अधूनमधून दुखतं, नवीन चष्म्याची वेळ झाली असावी. दाराच्या चौकटीनं डावा खांदा सोलून काढलाय. घर तेच, दार तेच, मीच आडदांड झालो. दोन रिमा वाकड्या कापल्या म्हणून मुकादमाची बोलणी खाल्ली. त्याचं नाक काढलं त्याचा सूड घेतोय, दुसरं काय!

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा टिल्लू

१७ जुलै

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

खुर्चीचं चित्र मिळालं. उजवा हात, उजवे पाय, पाठीचा अर्धा भाग, आणि डावीकडे कोरा कागद. माणूस गेल्यावर अर्धं घर कसं पुसलं जातं, ते तू एका खुर्चीत दाखवलंस. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या की हे शिकवून येत नाही. मी ते चौकटीत घालून भिंतीला लावलं आहे. ही वाट सोडू नकोस, अशीच आणखी काढ.

मी जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. तेव्हा तुझा खांदा आणि माझा पाय, दोघांची जत्रा. काळजी करू नकोस. चष्मा मात्र करून घे.

तुझी अभिमानानं फुगलेली ताई

११ सप्टेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पाय कसा आहे? लंगडत का होईना, शिकवणं चालू ठेव, कारण मला आता चटक लागली आहे. या महिन्याचा गठ्ठा माझ्या मते सगळ्यात उत्तम आहे. भिंतीवरचं घड्याळ बघ, सगळे आकडे एका बाजूला सरकलेत. मला असं सुचायला लागलंय! शेवटचा चेहरा माझा आहे, आरशात बघून काढलेला.

लेकीशी मात्र बिनसलंय. हल्ली ती माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. बसली तरी कुठे बसते कोण जाणे, मध्येच तिचा आवाज येतो आणि मी दचकतो. ताटात कमी वाढते. मी म्हटलं, अजून वाढ, तर रागावून तिनं ताट गर्रकन फिरवलं आणि त्यात अन्न होतं. हा कसला खेळ? परवा अर्धी दाढी करून कामावर गेलो म्हणून छापखाना हसला. आरसाच खराब आहे.

तू समजावून सांग तिला. तुझं ती ऐकते.

तुझा टिल्लू

१४ सप्टेंबर

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. हातात पडताच वाचायला बसू नकोस, उभ्यानं वाच आणि छापखान्यात जा. छापखान्याचा फोन सकाळपासून कोणी उचलत नाही आणि मला पाय टेकता येत नाही.

तुझ्या बाबाचा चेहरा काल मिळाला. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी मिशी. मी कौतुकानं तो खुर्चीशेजारी लावायला गेले आणि दोन्हींत तीच बाजू कोरी दिसली. मग जानेवारीपासूनची सगळी चित्रं क्रमानं जमिनीवर मांडली. किटलीचा डावीकडचा कान मार्चपर्यंत आहे. मेमध्ये पुसट आहे. जूनपासून नाही. बुटांच्या जोडीत एकच बूट. घड्याळात सगळे आकडे उजवीकडे. तो जागा सोडत नव्हता गं. त्याला डावी बाजू उरलेलीच नाही, आणि उरली नाही हेही त्याला ठाऊक नाही. मी त्याला शाबास म्हणत होते.

तू जेवताना त्याच्या कुठल्या बाजूला बसतेस? मला उत्तर ठाऊक आहे.

त्याचा डावा हात पात्याखाली असतो. त्याला मशीनपासून लांब कर, भांडण झालं तरी चालेल. मग मोठ्या दवाखान्यात ने आणि डॉक्टरांना चित्रं दाखव. सगळी बरोबर बांधली आहेत. माझ्यावर चिडायला पुढे वेळ आहे.

तुझी आत्या

१६ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

बाबा दवाखान्यात आहेत. हात शाबूत आहे, हे आधी लिहिते.

मी धावत पोचले तेव्हा ते कापत होते. उजवा हात दांड्यावर होता आणि डावा कागदांवर, पात्याच्या बरोबर खाली. मी ओरडून म्हटलं की हात बाहेर काढा. ते शांतपणे म्हणाले की बाहेरच आहे. आत्या, त्यांनी मला हसून सांगितलं, आणि दांडा ओढायला लागले. मी अंगावर पडूनच त्यांना बाजूला लोटलं.

ते खूप चिडलेत. ताईनं आधी डोक्यावर घेतलं आणि आता वेडा ठरवलं, म्हणतात. डोक्यात उजवीकडे गाठ आहे. डॉक्टरांनी तुम्ही पाठवलेली चित्रं टेबलावर क्रमानं मांडली आणि मगच बाबांना तपासलं. परवा ऑपरेशन आहे.

हो, मी डावीकडेच बसते. आई गेल्यापासून तिच्या जागेवर.

तुमची भाची

२ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इतके महिने माझ्या हातचं पत्र नाही, म्हणून रागावली असशील. आधी मीच रागावलो होतो. भूल उतरल्यावर तुला काय काय बोललो ते लेकीनं तुला कळवलं नसेल, तर तिचे उपकार.

डॉक्टर म्हणाले, गाठ जुनी होती, रोज कणाकणानं वाढत होती. मला तुझी तळ्याची म्हण आठवली आणि अंगावर काटा आला. तुझी चित्रकला आणि ती गाठ, दोघी माझ्या डोक्यात एकाच वेळी वाढत होत्या. फरक एवढाच की एकीनं दुसरीला पकडून दिलं.

आता चित्र काढतो ते औषध म्हणून. लेक प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून देते. ती रेघ सापडेपर्यंत मान वळवत राहायचं आणि मगच पेन्सिल टेकवायची. सुरुवातीला रेघ सापडायलाच सकाळ जायची. मग घड्याळाचा नऊ सापडला, आठ सापडला. एक दिवस जेवताना मान वळवली तर लेक बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हटलं, तू कधी आलीस? ती रडली आणि मीही.

मशीन सुटलं. आता गठ्ठे बांधायचं काम करतो, मुकादम दिवसातून दहादा चौकशी करतो. डॉक्टर म्हणतात, गाठ परत येऊ शकते. डावीकडचं काही निसटू लागलं तर थांबू नका, लगेच या, लवकर कळलं तर आवरता येतं.

सोबत बायकोची खुर्ची आहे. या वेळी पूर्ण काढली. दोन्ही हात, चारही पाय. दोनदा मोजले. भिंतीवरची अर्धी खाली उतरव आणि ही लाव.

तुझ्या मायेचा धनी,
टिल्लू

६ एप्रिल

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

खुर्ची मिळाली. रेघ सुंदर आहे. मी ती भिंतीला लावलेली नाही.

तू चार पाय मोजलेस. मी खिडकीपाशी उजेडात नेऊन मोजले, मग शेजारणीला मोजायला लावले. बाळा, तीन आहेत. लाल रेघेला लागून कागद कोरा आहे.

घाबरू नकोस. मी घाबरले आहे, तेवढं दोघांना पुरे. मागच्या वेळी तुझी चित्रं बघून मी टाळ्या वाजवत राहिले आणि उन्हाळा, पावसाळा निघून गेला. या वेळी मला एक चित्र पुरलं. तू रोज काढत होतास तेव्हा मीही रोज बघायला शिकत होते, एवढंच मी मिळवलं, आणि ते आज तुझ्या उपयोगी पडू दे.

लेकीला हे पत्र वाचायला दे आणि आजच दवाखान्यात जा. माझा पाय आता धड आहे, सकाळच्या गाडीनं निघते. दारात उभी राहीन तेव्हा मान वळवून नीट बघ, मी मुद्दाम डावीकडे उभी राहणार आहे. आणि आजचं चित्र चुकवू नकोस. जसं येईल तसं काढ, मला खरं बघायचं आहे.

तुझी ताई