सोळा इंची चाकं

४ फेब्रुवारी

प्रिय आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? गच्चीवर कपडे वाळत घालायला वर जाऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं, तरी जात असणारच. मी बरी आहे. डेअरीच्या प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलंय. दुधातलं पाणी ते चुटकीसरशी ओळखतं, फक्त सकाळी सुरू व्हायचं त्याच्या जिवावर येतं. मग मी आणि माझ्या हाताखालची मुलगी त्याची मनधरणी करत बसतो.

पत्र लिहायचं कारण गाडी. परवा पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तिची मागची बाजू घसरली. घाबरू नका, कोणाला काही लागलं नाही. रस्ता ओला होता, अर्धवट फिरली आणि उभी राहिली. टायरवाल्याकडे नेली. त्याने ती वर उचलली तर मागच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेला तारा दिसायला लागलेल्या. बाहेरून बघावं तर सगळं ठीकठाक. "बाई, यावर रोज जाता?" एवढंच म्हणाला आणि हात पुसत बसला.

तेव्हा चारही बदलायचेत. पण कुठल्या मापाचे घ्यायचे, इथे माझं घोडं अडलंय.

तुम्हाला आठवत असेल, गाडी घेतली तेव्हा तिला कंपनीची सोळा इंची चाकं होती. तुमच्या लेकाने वर्षभरातच ती काढून अठरा इंची बसवली. मागची तर एवढी रुंद, की शेजारचे काका म्हणाले होते, ही असताना रस्त्यावर आता रोलर फिरवायची गरज नाही. पण चाक मोठं केलं की वरचं रबर तेवढं कमी करावं लागतं. नाहीतर चाक आत मावत नाही आणि वेगाचा काटाही खोटं बोलायला लागतो. म्हणजे दिसायला ऐटबाज, पण रस्ता आणि आपण यांच्यात गादी अशी उरतच नाही. रविवारी शर्यतीसारखी फिरवायची असती तर गोष्ट वेगळी. मला रोज डेअरीला जायचं असतं. अर्धा रस्ता गुळगुळीत, अर्ध्या रस्त्याची चाळण झालेली. दोन रिम आधीच वाकल्यात. आमच्याकडे तर खड्ड्यांना नावंही पडलीत. एक मोठं सरोवर, एक छोटं सरोवर, आणि रेल्वे फाटकापुढचा तो ज्वालामुखी.

सोळा इंची घातली तर टायर अरुंद होतील, पण बोटभर जास्त रबर मिळेल. पाण्यातून अरुंद टायर सरळ जातो, रुंद टायर तरंगायला बघतो. कोरड्या रस्त्यावर पकड जराशी कमी होईल, तेवढं चालेल. शिवाय खड्ड्यात चाक आदळलं की बाजूला बसणाऱ्याची कंबर पार ढिली होते. म्हणजे, कधी कोणी बसलंच तर.

टायरवाला म्हणतो, आहे तेच माप घाला. अशा गाडीला बारीक टायर म्हणजे पैलवानाच्या पायात बाहुलीच्या चपला. त्याला काय जातंय!

तुमचा लेक दर रविवारी दात घासायच्या जुन्या ब्रशने ती चाकं धुवायचा. मी आत हाक मारायचे, जेवण गार होतंय म्हणून. असो.

कंपनीच्या त्या जुन्या रिम तुमच्या मागच्या खोलीत आहेत ना? असल्या तर कळवा. आणि काय करू, तेही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

तब्येतीला जपा.

तुमची,
सूनबाई


१० फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र मिळालं. गुडघा आहे तिथेच आहे.

टायरचं मला काही कळत नाही, हे तुलाही माहीत आहे. तरी तीन पानं तू मला टायरवर लिहिलीस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझी हयात गेली गं. लोक बोलताना कुठे अडखळतात ते माझ्या कानाला लगेच लागतं. "कधी कोणी बसलंच तर" म्हणे! आणि खड्ड्यांना नावं पाडण्याइतकी गमतीदार तू कधीच नव्हतीस. ती कुणी दुसऱ्याने पाडलीत. कोणाची कंबर आहे ती?

खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला. पत्र फ्रिजवर फेकलं. भाजीवाल्याशी उगाच भांडले, तो बिचारा बघतच राहिला. माझ्या पोराने हौसेने बसवलेली चाकं, आणि ती काढायची? कोणासाठी? दिवसभर हेच डोक्यात. संध्याकाळी मग मागच्या खोलीत गेले. तीन रिम भिंतीला टेकून होत्या. चौथीवर मी पाण्याचं पिंप ठेवलेलं, ते रिकामं करून तीही ओढून काढली. चारही त्याने जुन्या चादरीत गुंडाळून ठेवल्यात, आत खडूने लिहिलंय, पुढचं डावं, पुढचं उजवं. पुन्हा लावायच्याच नसत्या तर एवढं नीट कोण ठेवतं? जमिनीवरच बसले मग. उठताना गुडघ्याने जीव खाल्ला.

आता तुला म्हणून सांगते. मला ती मोठी चाकं कधीच आवडली नाहीत. एकदा मला तो स्टेशनवरून घरी घेऊन आला आणि मी दोन दिवस पाठ शेकत पडले. "कशी वाटली?" म्हणाला. "राजेशाही," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एवढा खुशीत होता.

तर सोळा इंचीच घाल. पण मी काही पाठवणार नाही. टायर घेऊन तू इकडे ये. आमच्या समोरच्या गल्लीत टायरवाला आहे, तो इथेच बसवून देईल. काढलेली मोठी चाकं माझ्याकडे राहतील. ती मला हवीत.

आणि कंबर घेऊन ये. मला बघायचीय.

आई


२६ फेब्रुवारी

प्रिय आई,

आम्ही सुखरूप पोचलो. आम्ही असं लिहिताना अजून हात अडखळतो, पण लिहिते.

आधी गाडीचं. आई, गाडी बोलायची थांबली हो! इतके दिवस सगळा रस्ता आत यायचा, आता बाहेरच राहतो. वळणावर जराशी सावकाश वळते, पण कुठे सुटत नाही. वाटेत पाऊस लागला, तरी रुळावरून चालल्यासारखी आली. आणि मास्तर झोपले. शाळेकडे येणारी बस बंद झाली आणि ते माझ्याबरोबर यायला लागले, तेव्हापासून पहिल्यांदा. नाहीतर पाठीमागे घडी केलेला टॉवेल धरून, ओठ आवळून बसतात, विचारलं की म्हणतात, "छान चाललंय." फाटक गेल्यावर जागे झाले आणि म्हणाले, "ज्वालामुखी केव्हा येणार?" म्हटलं, "केव्हाच गेला." त्यांचा विश्वासच बसेना.

त्या दिवशी तुम्ही मास्तरांना नीट न्याहाळून घेतलंत, चहा दिलात आणि लगेच कामाला लावलंत. मला हसू येत होतं आणि धडकीही भरली होती. कमरेने अधू माणूस, पण चारही मोठी चाकं एकेक करून घरंगळत तुमच्या मागच्या खोलीत नेली. दोन झाल्यावर तुम्हीच "राहू दे, मुलगा येईल दुकानातला" म्हणालात, तरी ऐकलं नाही. मग खिशातून खडू काढला. भूगोलाच्या मास्तरांच्या खिशात दुसरं काय असणार! आत लिहिलं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याच चादरींत गुंडाळली. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात निघून गेलात. मी मागे आले नाही. आले असते तर दोघी रडलो असतो.

आणि मग त्यांना फुटपाथवर उभं करून त्यांच्या जागी तुम्ही गाडीत बसलात. "चल, बघू तुझी सोळा इंची." कालव्यापर्यंत आपण गेलो. तुम्ही एकदाही पाठीला हात लावला नाहीत, मी बघत होते.

पुलापाशी तुम्ही विचारलंत, "लग्न करताय ना?"

"हो. एप्रिलमध्ये."

"बरं," म्हणालात आणि खिडकीतून पाण्याकडे बघत राहिलात. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालात, "मग आता मी तुझी कोण गं?"

तेवढ्यात सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. तुम्ही म्हणालात, "रस्त्याकडे बघ," आणि विषय तिथेच राहिला. मलाही ते बरंच वाटलं. तोंड उघडलं असतं तर गाडी कुठल्या तरी खांबावर गेली असती.

आता उत्तर देते.

तो हॉस्पिटलात असताना बाहेरच्या बाकावर आपण दोघी आलटून पालटून झोपायचो. एकीने डोळे मिटले की दुसरी जागी. तो गेल्यावर सगळे म्हणाले, गाडी विकून टाक. मला ती नीट चालवताही येत नव्हती, तिच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हा तुम्ही किल्ली माझ्या मुठीत कोंबलीत आणि म्हणालात, "उभी राहिली तर गंजेल. तू रोज ने." घरातून बाहेर पडायला लागले ती त्या गाडीमुळे. नाहीतर मीच गंजले असते. हे तुमच्या मुलाने केलं नाही, मास्तरांनीही नाही. तुम्ही केलंत.

तुम्हाला सोडून जायचं असतं तर रिम मागायचं निमित्त कशाला शोधलं असतं? रिम बाजारातही मिळतात, आई.

एप्रिलमध्ये नोंदणी कचेरीत आमचं लग्न आहे. साक्षीदार लागतात. मास्तरांच्या बाजूने त्यांचा धाकटा भाऊ आहे. माझ्या बाजूने सही तुम्ही करायची. माझे आईबाबा आज असते तरी मी तुम्हालाच विचारलं असतं. मी मास्तरांना हे भीतभीत सांगितलं, तर म्हणाले, "मला वाटलं ते ठरलेलंच आहे."

तुम्हाला जड जाणार असेल तर सरळ नाही म्हणा. मी रागावणार नाही, पुन्हा विचारीन. गाडी घेऊन मीच येते तुम्हाला न्यायला. मास्तर रेल्वेने जातील, त्यांना सांगून झालंय.

कचेरीतल्या बाईंनी विचारलं, लग्नानंतर आडनाव काय लावणार? मी सांगून आले.

वाट बघते.

तुमचीच,
आहे त्याच आडनावाची