निनवेच्या उताऱ्यापाशी

बाळ सुमंत,

तुला माती दिल्यापासून मी तुझ्याशी असंच कागदावर बोलते.

काल शरणपूरच्या चर्चमध्ये तुझ्या पपांकडे बायबलचं वाचन होतं. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांना क्षमा केली आणि योना संदेष्टा त्यावरच रागावून बसला, इथवर वाचून पपा थांबले.

"तो योना मीच," ते म्हणाले. "माझा मुलगा दारू सोडून, माफी मागत दारात आला होता. मी त्याला आत घेतलं नाही."

पाळकसाहेबांनी त्यांना जवळ घेतलं. सगळे रडले.

घरी आल्यावर पपांनी मला विचारलं, "देव मला क्षमा करील का गं?"

"तो करील," मी म्हटलं. मी करीन का, ते मला सांगवलं नाही.

तुझी,
आई